ना अन्न, ना औषध : अमेरिकेतल्या डायपरचा प्रश्न

अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नधान्यासाठी सरकारी कार्ड मिळतं. दुकानात पैसे देताना ते वापरलं की दूध, तांदूळ, अंडी, भाज्या, पाव हे सगळं त्यातून घेता येतं. त्याच टोपलीत बाळाच्या डायपरचा पुडा असेल, तर तो मात्र बाजूला काढावा लागतो. त्याचे पैसे रोख मोजायचे. रोख नसेल तर पुडा परत फळीवर ठेवायचा.

हे कुणा दुकानदाराच्या किंवा कारकुनाच्या हट्टामुळे होत नाही. १९६४ च्या कायद्यापासून चालत आलेली ही योजना, आजचं तिचं नाव स्नॅप, फक्त अन्नासाठी आहे. डायपर खाता येत नाही, म्हणून तो तिच्यात बसत नाही. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी विक नावाची दुसरी योजना १९७० च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेत जन्मणाऱ्या दर पाच बाळांपैकी साधारण दोघांपर्यंत ती पोचते. पण ती पोषणाची योजना. तिच्यातून बाळाच्या दुधाची पावडर मिळते, डायपर नाही. गरिबांचा सरकारी आरोग्यविमा म्हणजे मेडिकेड. देशातल्या दर पाच बाळंतपणांपैकी साधारण दोन बाळंतपणांचा खर्च तो उचलतो. पण वर्षानुवर्षं त्याच्या लेखी डायपर म्हणजे आजारावरची वस्तू. मूल मोठं झाल्यावरही एखाद्या व्याधीमुळे लघवीवर ताबा नसेल तर डायपर मिळू शकतो. निरोगी तान्ह्याला मिळत नाही, कारण तान्ह्याने ओलं करणं हा आजार नव्हे.

या लेखातल्या साऱ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. मदत गरजेवर ठरत नाही, वस्तू कोणत्या खात्यात बसते यावर ठरते. आणि डायपर कोणत्याच खात्यात बसत नाही.

प्रश्न केवढा

तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा डायपर लागतात, थोड्या मोठ्या मुलाला आठेक. महिन्याचा हिशोब अडीचशे ते साडेतीनशे नगांवर जातो आणि खर्च एका बाळामागे साधारण ऐंशी ते शंभर डॉलर. मध्यमवर्गीय घराला हा खर्च जाणवतो, पण झेपतो. गरीब घरात तो वीजबिलाशी आणि भाड्याशी स्पर्धा करतो. मार्च २०१६ मध्ये व्हाइट हाउसने या विषयाकडे लक्ष वेधलं, तेव्हा सांगितलेला आकडा असा होता : उत्पन्नाच्या तळाच्या पाचव्या हिश्शातली, बाळ असलेली कुटुंबं कमाईचे सुमारे १४ टक्के केवळ डायपरवर खर्च करतात.

गरिबाला तोच डायपर महागही पडतो. मोठं खोकं घेतलं तर एका नगाची किंमत उतरते. पण त्यासाठी हातात एकरकमी पैसे हवेत, घाऊक दुकानाचं सभासदत्व हवं, आणि खोकं घरी आणायला गाडी हवी. ज्याच्याकडे यांतलं काहीच नाही, तो कोपऱ्यावरच्या दुकानातून छोटा पुडा घेतो आणि एका नगाला जास्त पैसे मोजतो.

बराच काळ ही ओढाताण आईच्या मनातच राहिली. अन्न कमी पडलं तर शेजारणीपाशी बोलता येतं, पण बाळाचा डायपर बदलायला पैसे नाहीत हे बोलायला जीभ रेटत नाही. २०१३ मध्ये येल विद्यापीठाच्या मेगन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू हेवन शहरातल्या ८७७ स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास 'पेडियाट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात छापून आला. त्यात जवळपास तीस टक्के स्त्रियांनी डायपर पुरत नसल्याचं सांगितलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. डायपरची चणचण आणि आईची मानसिक ओढग्रस्ती यांचं नातं या अभ्यासात स्पष्ट दिसलं. बाळ रडतंय, ओलं आहे, आणि आपल्याला काही करता येत नाही, ही भावना आईला आतून पोखरते.

बाळाच्या अंगावरचे परिणाम तर कोणतीही आई ओळखेल. ओलं तसंच राहिलं की मांड्या लाल होतात, कातडी सोलवटते, कधी लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो. काही जणी डायपर वाळवून पुन्हा घालतात, काही जणी शी पुसून तोच ठेवतात. यात निष्काळजीपणा नाही. उरलेले डायपर महिनाअखेरीपर्यंत पुरवण्याची ती धडपड आहे.

राष्ट्रीय डायपर बँक नेटवर्कच्या २०२३ च्या पाहणीत डायपर-वयाची मुलं असलेल्या ४७ टक्के कुटुंबांनी डायपरची चणचण सांगितली. आधीच्या पाहण्यांत हे प्रमाण तिघांत एक असं होतं.

लंगोट का नाही?

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न हाच येईल, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बाळं दुपट्यांवर आणि लंगोटांवर वाढली. आजीच्या विटलेल्या सुती लुगड्याइतकं मऊ कापड बाजारात मिळत नाही. मग तिथल्या गरीब आया कापड का वापरत नाहीत?

याचं उत्तर लंगोट कसा निभतो ते नीट पाहिलं की सापडतं. लंगोटाला कापड थोडं लागतं. पाणी, ऊन आणि मोकळे हात मात्र पुष्कळ लागतात. दिवसाला दहा-बारा लंगोट भिजवायचे, धुवायचे, दोरीवर टाकायचे, आणि पावसाळ्यात घरभर वाळत घालायचे. हे काम आपल्याकडे आजी, मावशी, आत्या आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक यांच्यात वाटलं जायचं. घरात दिवसभर कुणीतरी असायचं.

अमेरिकेतली गरीब आई बहुधा भाड्याच्या खोलीत राहते. घरात धुलाईयंत्र नसतं. नाणी टाकून कपडे धुण्याच्या सार्वजनिक जागी जावं लागतं, आणि तिथे अनेक ठिकाणी मळलेले लंगोट धुवायला बंदी असते. त्यात ती फार दिवस घरी राहू शकत नाही. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी, आणि तीही सगळ्या नोकऱ्यांत नाही. पोटासाठी आईला लवकर कामावर रुजू व्हावं लागतं आणि बाळ पाळणाघरात जातं.

पाळणाघराच्या दारात या प्रश्नाचा सगळ्यात घट्ट पीळ बसला आहे. बहुतेक पाळणाघरं पालकांना रोजचे डायपर सोबत द्यायला सांगतात, आणि तेही एकदा वापरून टाकायचे. कापडी लंगोट अनेक ठिकाणी चालत नाहीत. पिशवीत डायपर नसतील तर बाळाला आत घेत नाहीत. बाळ आत गेलं नाही तर आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. रोज बुडाला की डायपरला पैसे आणखी कमी पडतात. २०२३ च्या त्याच पाहणीत, चणचण असलेल्या दर चार पालकांपैकी एकाने याच कारणामुळे महिन्याभरात काम किंवा शाळा बुडल्याचं सांगितलं. लहान मुलाच्या आईला काम करायला सांगणारं सरकार आणि तिच्या बाळाला दारातून परत पाठवणारं पाळणाघर यांच्यामध्ये एक पुडा डायपर उभा असतो.

सरकारी पैशावर चालणाऱ्या 'अर्ली हेड स्टार्ट' या कार्यक्रमात ही अडचण येत नाही. बाळ केंद्रात असेल तेवढ्या वेळाचे डायपर केंद्रानेच द्यायचे, असा तिथे नियमच आहे. म्हणजे हे करता येतं. पण हा कार्यक्रम पात्र मुलांपैकी थोड्याच मुलांपर्यंत पोचतो, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर प्रश्न पुन्हा तोच.

रोख मदतीचा आटलेला झरा

डायपरसाठी कायद्याने वापरता येईल अशी केंद्राची मोठी योजना एकच, टॅन्फ. २२ ऑगस्ट १९९६ रोजी बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने ती आली. त्याआधी पात्र ठरलेल्या प्रत्येक गरीब कुटुंबाचा रोख मदतीवर हक्क होता. या कायद्याने तो हक्क काढून घेतला आणि राज्यांना दरवर्षी साधारण साडेसोळा अब्ज डॉलरचं ठोक अनुदान ठरवून दिलं. ती रक्कम महागाईबरोबर वाढत नाही, त्यामुळे तिची किंमत वर्षागणिक घटत आली. शिवाय राज्यांना ती इतर कामांवर खर्च करायची मोकळीक मिळाली. १९९६ मध्ये दर शंभर गरीब कुटुंबांपैकी सुमारे ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती, आता साधारण वीस-एकवीस कुटुंबांना मिळते.

ज्यांना मिळते त्यांनाही किती? मिसिसिपीत तीन माणसांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त २६० डॉलर, तेही २०२१ मध्ये वाढ झाल्यानंतर. त्यातले ऐंशी-शंभर डॉलर डायपरला गेले तर भाडं, वीज, बस, कपडे यांना उरलं काय? कागदावर डायपरची वाट उघडी आहे, चालायला मात्र ती पुरत नाही.

आधी माणसं धावली

सरकारच्या खात्यांत जागा नव्हती, तेव्हा सामान्य माणसांनी जागा केली. १९९४ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये एका छोट्या सल्लागार संस्थेने नाताळात डायपर गोळा करायची मोहीम काढली. त्यातून पुढे डायपर बँक उभी राहिली. आपल्याकडच्या धान्य बँकेसारखीच ती चालते : लोक आणि कंपन्या डायपर देतात, आणि ते रुग्णालयं, चर्च, निवारे यांच्यामार्फत कुटुंबांना वाटले जातात.

न्यू हेवनमध्ये समाजसेविका जोआन गोल्डब्लम घरोघरी जात असत. आया डायपर पुन्हा पुन्हा वापरत असल्याचं त्यांनी पाहिलं. २००४ मध्ये त्यांनी तिथे डायपर बँक सुरू केली आणि २०११ मध्ये देशभरच्या बँकांना जोडणारं नेटवर्क उभारलं. हगीज बनवणारी कंपनी त्याला पहिल्यापासून मदत करत आली. आज या नेटवर्कमध्ये दोनशेहून अधिक बँका आहेत.

या कामाबद्दल मनात आदरच आहे. पण दानाच्या मर्यादा असतात. दात्याच्या वाढत्या-घटत्या उत्साहाबरोबर गोदाम भरतं आणि रिकामं होतं. बाळाच्या मापाचा डायपर त्या आठवड्यात असेलच असं नाही. सहसा कुटुंबाला महिन्याची पूर्ण गरज भागेल एवढे डायपर मिळत नाहीत, थोडा हातभार लागतो. आणि शेजारच्या गावात बँक असेल पण आपल्या गावात नसेल, तर बाळाचं नशीब पत्त्यावर ठरतं.

कर उतरवला, पण पुढे?

सरकारांनी पहिली पावलं टाकली ती करावर, कारण ती सोपी आहेत. अमेरिकेत विक्रीकर राज्यं लावतात. अन्नाला आणि औषधाला अनेक राज्यांत सूट असते, डायपर मात्र इतर मालासारखा करपात्र. कॅलिफोर्नियात विधानसभा सदस्य लोरेना गोन्झालेझ यांनी करमाफीसाठी आणलेलं विधेयक २०१६ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी फेटाळलं. माफी अखेर १ जानेवारी २०२० पासून मिळाली, मासिक पाळीच्या साहित्याबरोबर. कनेटिकटने २०१८ मध्ये, मेरीलँड आणि कोलोरॅडोने २०२२ मध्ये, तर टेक्सास, फ्लोरिडा आणि ओहायोने २०२३ मध्ये हा कर कायमचा उतरवला. यात दोन्ही पक्षांची राज्यं आहेत.

करमाफी न्याय्य आहे, पण ती किती पुरते हेही पाहावं. टेक्सासचा राज्य विक्रीकर सव्वासहा टक्के. महिन्याला ऐंशी डॉलरच्या डायपरवर पाच डॉलर वाचले. त्यात फार तर दोन दिवसांचे डायपर येतात, उरलेल्या अठ्ठावीस दिवसांचा प्रश्न जिथल्या तिथे. शिवाय ही सूट गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच मिळते.

राज्यांचे प्रयोग

खरी मदत करू पाहणाऱ्या राज्यांनी वेगवेगळे रस्ते धरले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला तर त्यांची तुलना सोपी होते : बाळाच्या गरजेचा कितवा हिस्सा भागला, आणि किती दिवस?

कॅलिफोर्नियात २०१७ च्या कायद्याने, तोही गोन्झालेझ यांनीच आणलेला, रोख मदत घेऊन कामाच्या कार्यक्रमात असलेल्या पालकांना तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे महिना ३० डॉलर डायपरसाठी मिळू लागले. गरजेचा साधारण तिसरा हिस्सा, पण सलग तीन वर्षं. वॉशिंग्टन राज्याने नोव्हेंबर २०२३ पासून टॅन्फमधल्या तीन वर्षांखालचं मूल असलेल्या कुटुंबांना महिना शंभर डॉलर देणं सुरू केलं. हे एका बाळाच्या पूर्ण गरजेच्या जवळ जातं. मात्र दोन्हीकडे मदत पोचते ती रोख मदतीच्या यादीत आधीच असलेल्या कुटुंबांपर्यंत, आणि ती यादी किती आकसली आहे ते वर आलंच.

मे २०२४ मध्ये वेगळी वाट निघाली. टेनेसी आणि डेलावेअर या दोन राज्यांना मेडिकेडमधून डायपर देण्याची परवानगी केंद्राने दिली. टेनेसी रिपब्लिकन पक्षाचं, डेलावेअर डेमोक्रॅटिक पक्षाचं. टेनेसीत ऑगस्ट २०२४ पासून मेडिकेडवरच्या दोन वर्षांखालच्या मुलांना महिना शंभर डायपर औषधांच्या दुकानातून मिळू लागले. डेलावेअरने बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांसाठी आठवड्याला ऐंशी डायपरपर्यंत तरतूद केली. एकाने तिसरा हिस्सा दोन वर्षं दिला, दुसऱ्याने जवळपास पूर्ण गरज तीन महिने भागवली.

मेडिकेडची वाट आश्वासक वाटते ती तिच्या पोचेमुळे. बाळ रुग्णालयात जन्मतं तेव्हाच त्याचं नाव यादीत असतं. औषधाची दुकानं गावोगाव आहेत. आईला नवा अर्ज भरायला लागत नाही, नवी रांग लावावी लागत नाही, आणि दुकानात कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही.

केंद्र सरकार मात्र अजून चाचपडतं आहे. कनेटिकटच्या खासदार रोझा डिलॉरो यांनी २०११ मध्ये पाळणाघरांच्या अनुदानातून डायपर देता यावेत असं विधेयक आणलं, ते पुढे सरकलं नाही. ओबामांच्या अंदाजपत्रकात २०१६ साली प्रायोगिक प्रकल्पांसाठी एक कोटी डॉलर सुचवले गेले, तेही हाती आले नाहीत. नंतर डायपरसाठी दरवर्षी वीस कोटी डॉलरची तरतूद मागणारं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, कायदा झाला नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या आरोग्य आणि मानवसेवा खात्याने सुमारे ऐंशी लाख डॉलरचा वाटप-प्रयोग सुरू केला. पहिलं विधेयक आलं तेव्हाची तान्ही बाळं या पहिल्या केंद्रीय प्रयोगाच्या वेळी अकरा वर्षांची झाली होती.

वस्तू की पैसा?

या विषयावर काम करणाऱ्यांत एक प्रामाणिक मतभेद आहे. डायपर द्यावेत की डायपरचे पैसे?

पैशाच्या बाजूचा मोठा पुरावा २०२१ चा आहे. त्या वर्षी जुलै ते डिसेंबर केंद्राने बालक करसवलत दरमहा रोख स्वरूपात दिली : सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलर, आणि पहिल्यांदाच अगदी उत्पन्न नसलेल्या कुटुंबांनाही. जनगणना विभागाच्या पूरक मोजमापाप्रमाणे बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. सवलत संपली आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झालं. पैसे हाती असले की आईला या महिन्यात डायपर हवेत, दुधाची पावडर हवी की थंडीचे कपडे, हे ती ठरवू शकते. तिच्याइतकं ते कुणालाच कळत नाही.

वस्तूच्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. सरकार घाऊक भावात खरेदी करू शकतं, आणि जिथे दुकान दूर तिथे वस्तू थेट हाती पडते. फिनलंडने या दोहोंचा मेळ कधीच घातला. १९३७ च्या कायद्याने १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्या आयांना बाळाच्या सामानाची पेटी मिळते, नको असेल तर रोख. त्या पेटीत कापडी लंगोट असतात. तिथे ते चालतात, कारण आईवडिलांना घरी राहायला पगारी रजा मिळते. लंगोट निभण्यासाठी पाण्याइतकाच वेळ लागतो, आणि तो वेळ सरकार देतं.

आपल्याकडे पाहताना

महाराष्ट्रात २०१९ मध्ये सरकारी आरोग्य केंद्रात पहिलं बाळंतपण झालेल्या आयांसाठी बेबी केअर किट योजना आली. बाळाचे कपडे, गादी, टॉवेल, मच्छरदाणी, लंगोट असा साधारण दोन हजार रुपयांचा संच. बाळाच्या अंगाखाली काय आहे हाही शासनाचा विषय आहे, हे त्यातून मान्य झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

आपल्या घरांतून डायपरला सरसकट 'हगीज' म्हणतात, आणि प्रवासापुरता वापरला जाणारा हा हगीज आता शहरांत रोजचा झाला आहे. चाळीतल्या दोरीची जागा बंद खिडकीने घेतली, आजी गावाकडे राहिली, सून कामावर गेली. पगारी बाळंतपण रजा २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवडे झाली, पण घरकाम करणाऱ्या आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ती मिळत नाही. अमेरिकेतला प्रश्न ज्या कारणांनी उभा राहिला, ती कारणं आपल्या दाराशीही येत आहेत. म्हणून तिथला अनुभव आपल्याला कामाचा आहे.

काय व्हायला हवं

एवढा सगळा पट पाहिल्यावर मला चार गोष्टी ठामपणे म्हणाव्याशा वाटतात. पहिली, तान्ह्या मुलाच्या घरात दरमहा थोडी रोख रक्कम पोचायलाच हवी. २०२१ च्या सहा महिन्यांनी ते शक्य असल्याचं दाखवलं. दुसरी, ज्या यंत्रणेच्या यादीत बाळाचं नाव जन्मापासून आहे, तिच्यातूनच डायपर जावेत, आणि ते गरजेच्या तिसऱ्या हिश्शावर थांबू नयेत. तिसरी, सरकार ज्या पाळणाघरांना अनुदान देतं, त्या अनुदानातच डायपरचा खर्च धरावा. आईला कामावर पाठवायचं असेल तर बाळाला आत घेण्याची सोय त्याच धोरणात हवी. चौथी, आईला पगारी रजा हवी. ती मिळाली तर जिला लंगोट वापरायचे आहेत तिला ते वापरता येतील, आणि कचऱ्याचे डोंगरही थोडे कमी होतील.

या चारांतली एकही गोष्ट अशक्य नाही. प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या राज्यात, कुठल्या ना कुठल्या देशात, थोड्या काळापुरती का होईना, होऊन गेली आहे. राहिलं आहे ते एवढंच मान्य करणं, की बाळाला भरवणं जितकं आपलं कर्तव्य, तितकंच त्याला कोरडं ठेवणंही. ते एकदा मान्य झालं की सकाळी पाळणाघराच्या दारात पिशवी उघडताना आईला आतले डायपर मोजावे लागणार नाहीत. ती बाळाचा पापा घेईल आणि कामावर निघून जाईल.